एक जूनवाली खेळाडू

"मॅडम, अकरा नावं झाली. बारावं सांगा. पाच वाजता नावं भरायची लिंक बंद होते," जाधव सर लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले.

बाराव्या मुलीची फाइल माझ्याच हातात होती. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या मैदानाकडेला टेबल टाकून आम्ही तिघं बसलो होतो. जाधव सर आमच्या जिल्हा रग्बी संघटनेचे सचिव, पल्लवी कोच आणि मी टीम मॅनेजर. पोटापाण्यासाठी मी शाळेत पीटी शिकवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. त्या दिवशी पंधरा वर्षांखालच्या मुलींचा जिल्ह्याचा संघ निवडून राज्य स्पर्धेसाठी पाठवायचा होता.

रग्बी म्हटलं की लोक विचारतात, ते हेल्मेटवालं का? ते नव्हे. आमच्याकडे सात-सात जणींचं खेळतात. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात. पास द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे दिला की शिट्टी. पळणारीला खांद्याच्या खाली धरून पाडायचं, ते टॅकल. कबड्डीतल्या पोरी यात पटकन तयार होतात. पहिला आठवडा तोंडातल्या तोंडात "कबड्डी कबड्डी" चालू असतं, तेवढं बंद करावं लागतं.

बारावी मुलगी रोशनी गांगुर्डे. वडील अंबडला एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर कामाला. मूळ गाव वणीच्या पुढे. चौथीपर्यंत ती गावच्या शाळेत शिकली, मग अंबडला आली. चाचणीच्या सामन्यात तिने केलेल्या टॅकल मी मोजल्या नाहीत, पण तिच्या बाजूने एकही ट्राय झाला नाही एवढं आठवतं. उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी मुलगी. पाडलेल्या मुलीला हात देऊन उठवायची आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची.

"रोशनी," पल्लवी म्हणाली. "तिच्याबद्दल काय विचारायचं त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"तारीख बघितलीस का? एक जून."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. पूर्वी खेड्यात बाळंतपणं घरी व्हायची, नोंदी व्हायच्या नाहीत. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याच्याकडे बघून अंदाजाने वय ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून रजिस्टरला एक जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्या माणसांचं पीक आहे ते त्यामुळे. आमच्याच स्टाफरूममध्ये चौघांचा वाढदिवस त्या दिवशी येतो आणि सुट्टी असल्यामुळे केक कोणालाच मिळत नाही. त्यातली एक मी. माझी खरी तारीख आईलाही सांगता यायची नाही, "कांदे काढायला आले होते तेव्हा" एवढंच ती म्हणायची.

त्यामुळे एक जून दिसला की मी ताठ व्हायचे. कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलांच्या संघात दोन जण वयाने मोठे निघाले. सेमीफायनलच्या आधी दुसऱ्या संघाने तक्रार केली आणि आमचा अख्खा संघ बाद झाला. बाकीच्या दहा पोरांचा काही दोष नसताना ती बॅगा घेऊन गेटबाहेर उभी राहिली. मॅनेजर मीच होते. तेव्हापासून कागद तपासायचं काम मी मागून घेतलं. पोरं मागून "दाखला मॅडम" म्हणतात हे मला माहीत होतं आणि, खरं सांगते, मला ते आवडायचं.

"आणि हे बघ," मी पल्लवीला जन्मदाखल्यावरची खालची तारीख दाखवली. "दाखला मागच्या महिन्यातला. चाचणीची जाहिरात आली आणि दाखला तयार झाला. किती सोयीचं."

"मला एकदा फाइल द्या ना," पल्लवी म्हणाली.

"वेळ नाही."

मी रोशनीला हाक मारली. ती धावत आली, बाकीच्या मुलीही मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना लांब पाठवणं माझ्या हातात होतं. मी पाठवलं नाही. चारचौघींत विचारलं की पोरी खरं बोलतात, अशी माझी समजूत.

"खरं वय काय गं तुझं?"

"चौदा, मॅडम."

"एवढी उंची चौदाव्या वर्षी?"

"आमच्यात सगळेच उंच हायेत, मॅडम."

दोन-तीन मुली हसल्या. मीही थोडी हसले. रोशनी हसली नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले. पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या निळ्या शर्टवरच मोटारसायकल घेऊन निघाले होते. त्यांना वाटलं होतं, कुठेतरी सही लागणार असेल. मी सगळं सांगितल्यावर ते टेबलाला हात टेकवून वाकले.

"मॅडम, तारीख खरी हाय. वणीच्या दवाखान्यात झाली ती. नोंद करायला मी सोता गेलो व्हतो. पयला दाखला पावसात भिजला म्हणून आता नवा काढला."

"सगळ्यांचेच दाखले भिजतात हो," मी म्हणाले. "कोणाचे उंदीर खातात, कोणाचे भिजतात."

माझ्या या बोलण्यावर टेबलाशी कोणी हसलं नाही, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

"मॅडम, यंदाच तिला हा गट हाय," वडील म्हणाले. "पुढल्या साली वय निघून जाईल. लय मेहनत करती वो ती."

हे मात्र खरं होतं आणि मला ते माहीत होतं. पंधराखालच्या राज्य स्पर्धेत दिसलेल्या मुलींना पुढच्या शिबिराला बोलावतात. तिथे न दिसलेल्या मुलीला अठराखालच्या गटात मोठ्या मुलींशी झगडून जागा मिळवावी लागते. बहुतेक मुली तोवर खेळ सोडतात.

"एका मुलीसाठी अकरा जणींना धोक्यात घालू का?" मी विचारलं. वाक्य फार न्यायाचं वाटलं मला. जाधव सरांनी घड्याळ बघितलं आणि राखीव यादीतली सानिका बारावी म्हणून भरली. रोशनीने अंगातला नंबराचा बिब काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसली.

त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही मिनीबसने स्पर्धेच्या गावी पोचलो. मैदानावर जाण्याआधी प्रत्येक संघाचे कागद तपासतात. तिथल्या लोकांनी या कामाला एक निवृत्त ग्रामसेवक बसवले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर फुटपट्टी. प्रत्येक ओळीखाली फुटपट्टी धरून ते वाचत होते. आमच्या मागची रांग कंटाळली होती.

"मॅडम, मुली बारा आणि फायली तेरा?"

रोशनीची फाइल गठ्ठ्यात तशीच राहिली होती. मी म्हटलं, "ती फाइल वगळलेल्या मुलीची आहे. राहू द्या."

"का वगळली?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं. एक जून, मागच्या महिन्यातला दाखला वगैरे. आपल्या जातकुळीचा माणूस भेटला, असं वाटलं होतं मला. त्यांनी दाखला काढला आणि त्यावर फुटपट्टी धरली.

"हा दिल्याचा दिनांक, मॅडम. हा दाखला कार्यालयातून कधी हातात दिला, त्याचा. मूळ कागद हरवला की नवी प्रत आजच्या तारखेनेच देतात." मग फुटपट्टी वर सरकवली. "नोंदणीचा दिनांक हा बघा. नऊ जून, त्याच साली. जन्माच्या नवव्या दिवशी नोंद. शाळेत जायच्या आधी सहा वर्षं. गुरुजींचा काय संबंध यात?"

मी वाकून बघितलं. अक्षरं बारीक नव्हती, पुसटही नव्हती. माझ्या हातात ती फाइल निदान अर्धा तास होती.

"मी जन्मभर हेच दाखले लिहिले," ते म्हणाले. "तुमच्या बाकीच्या बारा फायलींत एवढा पक्का कागद नाही."

"आता नाव बदलता येईल?" मी विचारलं.

"यादी लॉक झाली. आणि मुलगी कुठाय?"

मुलगी अंबडला होती.

मी हे पल्लवीला सांगितलं नाही. संघाचं मन विचलित होईल, असं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कळू द्यायचीही लाज वाटत होती. दोन दिवस मी मुलींच्या पाण्याच्या बाटल्या भरत राहिले. एरवी हे काम मी कधी करत नाही.

आम्ही क्वार्टर फायनलला हरलो, एका ट्रायने. समोरच्या संघाची एक चपळ मुलगी कडेने सुटली आणि सानिकाची टॅकल हुकली. सामना संपल्यावर पल्लवी वैतागून म्हणाली, "रोशनी असती तर ती पोरगी रेषेपर्यंत गेलीच नसती." सानिकाने ते ऐकलं आणि ती रडायला लागली.

"जी आली नाही तिच्याबद्दल बोलू नये," मी पल्लवीला सगळ्यांसमोर दटावलं. मी! आता आठवलं तरी कानशिलं तापतात. माझ्या चुकीपायी दोन मुलींना भोगावं लागलं, एकीला घरी आणि एकीला मैदानावर, आणि बोलणी खाल्ली ती पल्लवीने.

परतीच्या वाटेवर येवल्याला बस चहासाठी थांबली. मुली खाली उतरल्या. मी पल्लवीला थांबवलं आणि फाइल तिच्या हातात दिली. कुठे वाचायचं ते बोटाने दाखवलं. तिने वाचलं. मला वाटलं, ओरडेल.

"त्या दिवशी मी हेच वाचायला मागत होते, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही फाइल हातातून सोडली नाहीत."

एवढं बोलून ती चहा प्यायला गेली. मी बसमध्येच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जाधव सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचून विचारलं, "नजरचूक झाली असं टाकू का? प्रकरण मिटेल." मी नको म्हटलं. नजरचूक झाली असती तर मला झोप लागली असती. एक जून दिसल्यावर मला पुढचं वाचायचंच नव्हतं. आकस नव्हता, पण मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि कागद फक्त पुरावा म्हणून हातात धरला होता. पुढच्या शिबिरासाठी रोशनीला थेट बोलवावं असं पत्र आम्ही वर पाठवलं. उत्तर आलं की स्पर्धेत न खेळलेल्या मुलींचा विचार करता येत नाही. नियम म्हणून ते बरोबरच होतं.

त्या रविवारी मी अंबडला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दाराशी चपला ओळीत. वडील कामावर होते. आईने मला खुर्ची दिली आणि आत चहा ठेवला. रोशनी दारातच उभी राहिली. मी शाळेत मुलांना दिवसातून चारदा "सॉरी म्हण तिला" असं सांगते. स्वतः म्हणायची वेळ आली तेव्हा मी आधी तिच्या अभ्यासाची चौकशी केली, मग पावसापाण्याची. शेवटी म्हणाले.

"रोशनी, तुझा दाखला खरा होता. मी नीट वाचला नाही. तुझे पप्पा खरं सांगत होते, मी त्यांचा अपमान केला आणि तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. माझं चुकलं."

ती ऐकून घेत होती. नख दाराच्या चौकटीवर घासत होती.

"मॅडम, मग झालं काय नक्की?" तिने विचारलं. "एक तारखेमुळं झालं?"

"हो. एक जून दिसला की आम्हाला वाटतं, तारीख बनवलेली आहे."

तिने नख घासायचं थांबवलं.

"मग पप्पांना सांगून बदलून घेऊ का? दोन जून केली तर चालंल?"

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती मनापासून विचारत होती. खेळताना कुठे चुकलं ते कळलं की ती पुढच्या वेळी तसं करायची नाही, तसंच हे. आतून तिची आई म्हणाली, "इचारून ठेव बाई, पुन्हा नको तसं व्हायला."

मी "नको, अजिबात नको, तीच राहू दे," असं काहीतरी म्हणाले. तिला ते पटलं नसावं. अठराखालच्या चाचणीला ये म्हटलं, तेव्हा तिने मान हलवली, पण हो म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

आता कागद तपासायला पल्लवी माझ्या शेजारी बसते. ती मोठ्याने वाचते, मी ओळीखाली फुटपट्टी धरते. दुप्पट वेळ लागतो. पण लबाडी थांबवायला मी त्या टेबलावर बसले होते, आणि एका सरळ मुलीला मी तीच लबाडी शिकवून आले.