जिजाबाईंना मिळालेली अकोल्याची चिठ्ठी

वाशीमकडच्या माणसाला इथल्या डॉक्टरांनी कितीही गोळ्या दिल्या तरी तो मुकाट्यानं गिळतो. पण "अकोल्याले न्या" म्हटलं की घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. जिजाबाईंच्या तर हे अनुभवाचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला, शेषरावांना, अशीच अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. रुग्णवाहिकेतून ते अकोल्याला गेले, आणि परत आलं ते त्यांचं प्रेत.

तेव्हापासून बाईंची झोप उडाली. वांगी-मेथीच्या मळ्यात उभा जन्म काढला, त्याच मळ्याच्या बांधावर पाय टाकवेना. शेवटी मुलानं, मुकेशनं, त्यांना वाशीमच्या दवाखान्यात समुपदेशक प्रियदर्शनी मॅडमकडे नेलं. आठ बैठका झाल्या. आठही वेळा जिजाबाईंनी रुग्णवाहिकेपासून सुरुवात केली आणि तिथंच त्यांना रडू कोसळलं. तरी हळूहळू झोप लागू लागली, मळ्यातही जाणं सुरू झालं.

आठव्या बैठकीला मॅडमनी चिठ्ठी लिहिली. "मावशी, आता अकोल्याच्या तहसीन मॅडमकडे जायचं," एवढं त्या म्हणाल्या. पुढचं जिजाबाईंच्या कानात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला, सायलीला, जवळ बसवलं. गळ्यातली सोन्याची पोत काढून तिच्या हातात ठेवली. वांग्याचं बी कोणत्या डब्यात आहे, ते दाखवलं.

"आत्याबाई, हे कायले देऊन राह्यल्या?"

"मले अकोल्याले धाडलं, बाई. आता मी किती दिवसाची?"

सायलीला हसावं की रडावं कळेना. तिनं तिथंच प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला आणि सासूच्या कानाला धरला.

"मावशी, तुमचं बिघडलं म्हणून नाही धाडलं. माझ्याकडं आठच बैठका असतात. तुमचं बोलणं आता कुठं सुरू झालं. तहसीन मॅडम वर्षभर ऐकतील."

"वर्षभर? तिले काई कामधंदा नाई काय?"

पण पोत काही त्यांनी परत घेतली नाही. मनातलं भय फोननं थोडंच जातं! बुधवारी सायली त्यांना एसटीनं घेऊन निघाली, तेव्हा अकोला जवळ येताच त्यांनी सायलीचे हात घट्ट धरले. सायलीनं ते सोडले नाहीत.

तहसीन मॅडम वयानं मोठ्या, बोलायला सावकाश. त्यांनी पाणी दिलं. "कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

जिजाबाईंनी सवयीनं रुग्णवाहिकेचं नाव घेतलं, आणि थांबल्या. वर्षभर ऐकणार म्हणे ही बाई. मग कायले घाई?

"लगन झालं तवा ह्यायले मेथीची जुडी बांधता येत नव्हती," त्या म्हणाल्या.

मग सुटल्याच. पहाटे सायकलला दोन टोपल्या बांधून दोघं वाशीमच्या बाजारात जायची. कोणी बाई 'भाऊ' म्हणाली की शेषराव तिच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची कोंबत, जिजाबाई डोळे वटारत. परतताना राग घालवायला गरम जिलबी. किती साधे दिवस होते ते, आणि किती भरलेले! सांगता सांगता जिजाबाईंना हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तास संपला म्हणून सायलीनं दार लोटलं. जिजाबाई सांगतच होत्या. त्यांच्या सांगण्यात लग्नाला अजून जेमतेम सहा महिने झाले होते, आणि शेषराव रिकाम्या टोपल्यांची सायकल ढकलत घरी येत होते.