चिंतामणी रंगाची स्कूटर

ये गं नलू, पुण्यात आहेस तिथूनच, पण मनानं तरी जरा जवळ येऊन बस आणि आधी बोलणी खा. परवा व्हिडिओ कॉलवर तुझे सासरे म्हणाले, "सूनबाई, केस मोकळे छान दिसतात," आणि तू न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. केवढ्यानं हसलीस! हसू नको बाई. जगात या माणसाइतका रंगांचा छळ कुणी केला नसेल, आणि रंगांनीही इतका सूड दुसऱ्या कुणावर उगवला नसेल.

त्यांचं वेड तुला काय सांगायचं! जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेला. रिटायर झाले आणि कुठून तरी ते फुकटातलं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. दिसेल ती वस्तू त्यात सपाट उलगडायची, कडेला चिकटवायच्या पट्ट्या सोडायच्या, रंग भरायचा, छापायची, कापायची, डिंकानं उभी करायची. तुला बघायला आले तेव्हा आल्या आल्या त्यांनी पेढे ताटलीत ओतले आणि खोका उकलत बसले. "विहीणबाई, एका कागदात कापलाय, डिंकाचा थेंब नाय!" अगं, आम्ही अजून होकार द्यायचा होतो आणि मी विहीणबाई होऊनसुद्धा गेले. मुकुंदवाडीच्या त्यांच्या घरात भर मे महिन्यात पंखा लावायची चोरी. घामानं निथळत मी बटणाकडं हात नेला की ओरडायचे, "थांबा, स्टेशन उडंल!" कणकेच्या डब्यावर कागदाचं स्टेशन वाळत घातलेलं असायचं. आणि रंग? एकच रिक्षा, सकाळी पिवळी, दुपारी जांभळी. "नुसतं बोट दाबायचं, विहीणबाई. ब्रश नाय, डबा नाय. अन् वर फुकट!"

तुझ्या सासूबाई गेल्या आणि हे सगळं एका स्कूटरवर येऊन थांबलं. त्यांची ती जुनी स्कूटर, विकून टाकलेली. कंपनी तिला निळी म्हणायची, पण सासूबाई ठासून सांगायच्या, "निळी नाही, चिंतामणी." निळ्या-जांभळ्याच्या मधला तो आपला लुगड्याचा रंग. व्याह्यांनी स्कूटर कागदावर हुबेहूब उलगडली, अगदी आरशासकट, पण रंग काही केल्या सापडेना. त्या सॉफ्टवेअरमधे रंगांना नुसते आकडे. चिंतामणी कुठून असणार? शेवटी गुलमंडीत छापायला गेले आणि म्हणाले, "चिंतामणीत काढून द्या." दुकानदार गडबडला. "चाचा, चिंतामणी बोले तो गणपतीच ना?" आणि छान मोठा, सोंडेसकट गणपती छापून हातात दिला. तो देव्हाऱ्यात ठेवावा लागला, टाकायचा कसा?

मग मीच म्हटलं, चला, तिथंच पुढं साडीचं दुकान आहे, समोरासमोर जुळवून बघू. त्यांनी रंग लावून बघायला छापलेले आपले कागद घेतले. दुकानदारानं आमच्या मांड्यांवर चिंतामणी साड्यांचा ढीग टाकला. व्याही एकेक पदर नाकाला लावतायत, खाली कागद धरतायत. दुकानदार कंटाळला. "काकू, काकांना एकबी पसंत पडंना व्हय?" मी म्हटलं, "अहो, काका कसले, व्याही आहेत माझे!" तो ओशाळला आणि घाईघाईनं चहा मागवला.

तेवढ्यात व्याही एवढ्यांदा ओरडले, "जुळला! विहीणबाई, जुळला, बघा!"

मी बघितलं. साडी लखलखीत चिंतामणी होती. कागद राखाडी होता गं. चुलीतल्या राखेसारखा.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "हा राखाडी आहे."

ते कागदाकडं बघत राहिले. मग साडी नीट घडी घालून परत दिली, तीही पार उलटी. "असंल," म्हणाले. "हल्ली मधोमध धूर दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरून डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकंल तेही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर एवढंच बोलले, "पोरांना सुट्टी नसते, विहीणबाई. उगा कळवू नका." मी मान हलवली नाही; हलवली असती तरी त्यांना कुठं दिसणार होती!

आता मी रोज जाते. ते कॉम्प्युटरवर बोट दाबतात आणि मी शेजारी बसून सांगते, हा मोरपंखी, हा वांगी, हा लई काळपट. चिंतामणी अजून सापडला नाही, आणि खरं सांगू, मलाही तो आता नीट आठवेनासा झालाय. परवा मधेच हात काढून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पांढरीच जोडू. घडी बोटाला कळते." दुपारभर चाचपडत पांढरी स्कूटर जोडली. जरा तिरकी झाली. मी सरळ करायला गेले तर हात धरला.

तुझ्या चिमीला अगदी मांडीवर घेतलं, तोंडाजवळ तोंड आणलं, तर कडेकडेनं तिचा चेहरा त्यांना अजून दिसंल. फोनमधे नाही दिसत गं, म्हणून तर टॉवेलाचे केस झाले. रजा मिळंल तेव्हा नको, न मागता निघ. पोरीला घेऊन या, लवकर या.