सिक रिपोर्टवरचा लान्स नायक

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेच्या सीमेवर एका खोऱ्यात तैनात होती. नोव्हेंबरच्या शेवटी खिंड बर्फाने बंद झाली. आता एप्रिलपर्यंत रस्ता नव्हता. आजारी माणूस खाली न्यायचा तर हेलिकॉप्टरने, आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर. मी कंपनी हवालदार मेजर होतो. नाव उत्तम लहाने, गाव किन्हीराजा, जिल्हा वाशिम. नव्वद जवानांच्या ड्युट्या, शिस्त आणि शिक्षा माझ्याकडे होत्या.

0530 ला उठायचं. 0600 ला चहा. 0645 ला सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची हजेरी. ज्याला बरं नाही त्याने आपलं बिस्तर गुंडाळून खांद्यावर घ्यायचं, चहाचा मग आणि थाळी हातात धरायची आणि रांगेत उभं राहायचं. कारण असं सांगतात की, दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर त्याचं सामान दुसऱ्याने का वाहावं? खरं कारण वेगळं. बिस्तर घेऊन उभं राहण्याची लाज वाटली की निम्मे आजारी आपोआप बरे होतात. मी त्यात माझी भर घातली होती. आमची सिक रिपोर्ट लंगरसमोर, म्हणजे स्वयंपाकघरासमोर व्हायची, नाश्त्याच्या रांगेला दिसेल अशी.

आजारी माणसाचा मला तिटकारा होता. ताप म्हणजे बहाणा, पोटदुखी म्हणजे बहाणा. माझ्या तोंडात एकच शब्द असायचा, कामचुकार. तुम्हा सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौजेत सगळे एकमेकांसाठी जीव टाकतात. टाकतात, पण समोरचा धडधाकट असेल तोवर. ओझं उचलणाऱ्याला भाऊ म्हणतात आणि ओझं झालेल्याला नावं ठेवतात. ह्या बाबतीत फौज आणि गावचा पार यांत काही फरक नाही.

लान्स नायक याकोब खिल्लारे केनवडचा. माझ्या जिल्ह्याचा कंपनीत तो एकटाच. मॉर्टरची बेसप्लेट, म्हणजे उखळी तोफेची जड लोखंडी बैठक, पाठीवर घेऊन चढ चढायचा, आणि वर पोचला की मागे राहिलेल्याचं ओझं घ्यायला परत खाली यायचा. घराणं ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. याकोबला स्वतःला त्याचं फारसं काही नव्हतं. नाताळची सुटी मागायची, एवढाच त्याचा धर्म.

डिसेंबरात त्याचा चेहरा सुजला. मग पाय सुजले. नर्सिंग असिस्टंटने लघवी तपासली आणि म्हणाला, मूत्रपिंडं गेलेली दिसतात, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला हवा. पण गडी चालत-बोलत होता. हेलिकॉप्टरच्या यादीत त्याच्या वर हिमदंशाचे दोन आणि छातीचा एक जवान होता. याकोब थांबला.

एका सकाळी सिक रिपोर्टला त्याच्या खांद्यावरून बिस्तर घसरलं. त्याला ते उचलता येईना. मी नाश्त्याच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "खिल्लारे, केनवडचं नाव मातीत घातलं तुनं. कंपनीवर ओझं हायेस नुसता."

बिस्तर बर्फात पडून राहिलं. मी बघत होतो म्हणून मदतीला कोणी हललं नाही.

त्यानंतर त्याने जेवण सोडलं. लांगरी सांगत आला, खिल्लारे म्हणतो, जो काम करत नाही त्याने रेशन कशाला खायचं? मला वाटलं, नाटक. कंपनी कमांडर मेजर साहेबांना तसं वाटलं नाही. त्यांनी त्याला सिग्नल बंकरमध्ये रेडिओ सेटवर बसवलं. बसून करायचं काम, वर बुखारीची, म्हणजे शेगडीची ऊब. मी मनात म्हटलं, चला, आराम मिळाला लेकाला.

जानेवारीत तो बदलला. सूज तशीच होती, रंग मेणासारखा झाला होता, पण 0530 ला दाढी करून सेटवर हजर असायचा. जेवायला लागला. आजीकडून शिकलेलं एखादं ख्रिस्ती गीत गुणगुणायचा. ड्युटी संपलेली पोरं त्याच्याजवळ जाऊन बसायला लागली. मला ते खटकलं. आजारी माणसाभोवती गर्दी म्हणजे ढिलाईची लागण, असं माझं गणित.

एका दुपारी मी अचानक बंकरमध्ये गेलो. त्याच्या हातात कागद होते. मी ओढून घेतले. कंपनीचा नॉमिनल रोल होता, म्हणजे सगळ्यांची यादी, हाताने उतरवलेली. आर्मी नंबर, रँक, नाव.

"हे काय होय बे?"

"नावं हायेत साहेब. रोज सकाळी घेतो."

"कोणाजवळ?"

"प्रभूजवळ."

"त्याले आर्मी नंबर लागते का?"

"त्याले नाही लागत. मले लागते. कंपनीत तीन जाधव हायेत. एकाचं दुसऱ्याले जाऊ नये."

चेहरा गंभीर. मी हसलो, वाईट हसलो. "बेसप्लेट उचलता येत नाही म्हणून आता देवाले कामाले लावून राह्यला?"

"नाही साहेब. त्यानं मले लावलं. बाकी कोणी लावतच नव्हतं."

प्रत्येक नावापुढे दोन-तीन शब्द होते. आईचे डोळे. बहिणीचं लग्न. दारू. मी माझं नाव शोधलं. पुढे लिहिलं होतं, गुडघा.

माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून निकामी होत होता. उतारावर तो अचानक सुटायचा. मी ते कोणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मेडिकल कॅटेगरी खाली आली असती, आणि मग मीही बिस्तर घेऊन त्याच रांगेत. ह्या सुजलेल्या माणसाने नुसतं माझं चालणं बघून ओळखलं होतं. अशी यादी दुश्मनाच्या हाती लागली तर काय, असं मी सिक्युरिटीवर भाषण दिलं आणि सगळे कागद बुखारीत घातले. सिक्युरिटी हे निमित्त होतं. मला तो एक शब्द जाळायचा होता.

"ठीक हाये साहेब," तो म्हणाला. "पाठ हाये."

आठ दिवसांनी वरच्या पोस्टवर बॅटऱ्या आणि औषधं पोचवायला आठ जणांचा पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाला. कमांडर मी. मेजर साहेबांनी विचारलं, "लहाने, फिट?" मी म्हटलं, "फिट, सर." 0730 ला निघालो. 0850 ला नाल्याच्या उतारावर गुडघा सुटला. मी तीस फूट खाली गेलो आणि घोटा मोडला. मला वर काढण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात वारा उठला. 0940 ला पुढचा हात दिसेना. मी पडलो नसतो तर तोवर आम्ही वरच्या पोस्टवर चहा पीत असतो.

एका खडकाच्या आडोशाला आम्ही एकमेकांना चिकटून बसलो. आमच्या रेडिओ ऑपरेटरने सेट कोटाच्या आत घेतला होता.

"टायगर, टायगर वन. एक कॅज्युअल्टी. आगे नहीं जा सकते. ओव्हर."

"टायगर वन, टायगर. मौसम खुलते ही पार्टी निकलेगी. सोना नहीं है. ओव्हर."

आवाज याकोबचा होता.

जीव वाचवायचा कसा ते सगळ्यांना माहीत होतं, झोपायचं नाही. पण थंडीत झोप येते ती गोड येते. पहिल्या तासातच दोघांच्या माना पडायला लागल्या. तेव्हा सेटवर रोल कॉल सुरू झाला. याकोब एकेकाचा नंबर, रँक, नाव घ्यायचा. ऑपरेटर त्या माणसाला हलवायचा. तो "हाजिर" म्हणाला की बॅटरी वाचवायला नुसतं दोनदा बटण दाबायचा. आठ नावं झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून. आणि नुसती नावं नव्हती. जाधवला तो म्हणाला, बहिणीच्या लग्नात नाचणार कोण? एकाला म्हणाला, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं की पहिल्यांदा कोणाला बघायचंय तिला? प्रत्येकाला नेमकं तेच, जे ऐकून माणूस डोळे उघडतो.

दुपारी मी उत्तर देणं बंद केलं. मला वाटत होतं, माझ्यापायी हे सात मरणार, मग मी कशाला राहू? शिस्तीच्या माणसाला हा हिशोब पटकन सुचतो. सेटवरून माझं नाव तीनदा आलं. मग रेडिओचे सगळे नियम मोडून वऱ्हाडी आली.

"लहाने साहेब, झोपून राह्यले का तुमी?"

मी शिवी दिली. ऑपरेटरने बटण दाबून धरलं होतं, ती तशीच गेली.

"द्या शिव्या. पण बोला. कामचुकारपणा नाही चालणार साहेब."

आजूबाजूची पोरं हसली. निळ्या ओठांनी हसली. मलाही हसू आलं, आणि संतापही, आणि मी जागा राहिलो.

1610 ला वारा पडला. 1650 ला रेस्क्यू पार्टी पोचली. आठही जण जिवंत होते.

परतल्यावर कळलं ते असं. याकोब सात तास सेटवरून उठला नव्हता. मेजर साहेबांनी दोनदा बदली माणूस पाठवला, पण त्याच्या हाती सेट देता येईना. ऑफिसचा नॉमिनल रोल त्या बदली माणसाकडे होता, पण त्यात नावांपुढे काही नव्हतं. कोणाला काय म्हणायचं हे ज्या कागदावर लिहिलेलं होतं तो मी जाळला होता. आता ते फक्त याकोबच्या डोक्यात होतं. शेवटी त्याला उचलून खाटेवर ठेवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं आणि आम्ही दोघंही खाली गेलो. हॉस्पिटलमध्ये मी कुबड्यांवर त्याच्या वॉर्डात जायचो. माफी मागणं मला येत नाही, मी नुसता बसायचो. एकदा विचारलं, "तुले माहा राग नाही आला?"

"आल्ता ना. पण तुमी म्हणत होते तेच मीबी म्हणत होतो सोताले. बेसप्लेट उचलत होतो तवर माणूस, नाहीतर कचरा." तो दम घ्यायला थांबला. "मंग एक दिवस आजीची प्रार्थना आठोली. म्हटलं करून पाहू. तवा ध्यानात आलं, येशूनं मले बेसप्लेटसाठी घेतलंच नव्हतं. माह्यात दम नव्हता तवाबी मी त्याचाच होतो. एवढं समजलं अन् भूक लागली."

मी म्हटलं, "मंग बरा होशील तू."

"नाही होणार. ते येगळं हाये साहेब."

बाराव्या दिवशी 0720 ला तो गेला. कागदावर लिहिलं, आजाराने मृत्यू.

पेटी केनवडला आली तेव्हा मी कुबड्या घेऊन गेलो. तिथे ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. पाळकांनी प्रार्थना केली, माती दिली. पाराजवळ दोघं-तिघं बोलत होते, फौजेत गेला अन् बिमारीनं मेला, गोळीनं असता तर गोष्ट वेगळी. जन्मात कधी रात्रपाळीसुद्धा न केलेली माणसं मेलेल्याची किंमत ठरवत होती. मी त्यांच्याकडे बघून थुंकणार होतो. मग आठवलं की दीड-दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याहून मोठ्या आवाजात हेच मी बोललो होतो.

त्याचे वडील मला बाजूला घेऊन गेले. म्हातारा टोपी हातात चुरगाळत होता.

"साहेब, खरं सांगा. शेवटी शेवटी पोरगं कोणाच्या कामाचं होतं का? का नुसतंच पडून होतं?"

मी सगळं सांगितलं. सेटवरचे सात तास सांगितले. बर्फात पडलेलं बिस्तर सांगितलं. म्हटलं, "काका, त्याले ओझं म्हणणारा मीच. सगळ्यांसमोर म्हटलं."

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली. "त्याचा शेवटचा फोन आल्ता हास्पिटलातून. तुमचं नाव घेतलं त्यानं. म्हणे, आपल्या किन्हीराजाचे साहेब हायेत जवळ, रोज भेटाले येतेत. त्यायच्यासंग वऱ्हाडी बोलता येते. बाकी काई नाही म्हणला."

मी तिथे उभा राहून रडलो. आयुष्यात पहिल्यांदा, लोकांसमोर, कुबडीवर.

मी ख्रिस्ती झालो नाही. देवाचं मला अजूनही नीट कळत नाही. शाळांमधून भाषणाला बोलावतात, तेव्हा कोणीतरी शहाणा विचारतोच, प्रार्थनेने तो बरा झाला का? मी सांगतो, नाही, मेला. तो शहाणा मग समाधानाने खाली बसतो. अशांना पुढचं समजावत बसायचा मला कंटाळा आहे.

खराब हवामानात आठ जणांचा पेट्रोल सुखरूप परत आणल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोने ते फ्रेम करून बैठकीत लावलं आहे. पाहुणे वाचतात आणि माझ्याकडे आदराने बघतात. त्यातला शब्द न् शब्द खोटा आहे. लपवलेल्या गुडघ्यापायी मी त्या सात जणांना मारायला नेलं होतं. आम्हा आठही जणांना परत आणलं लान्स नायक याकोब खिल्लारे याने, राहणार केनवड, बसल्या जागेवरून, जेव्हा त्याला उभंही राहता येत नव्हतं.