लॅव्हॉनच्या जागी आलेला माणूस

बास्केटबॉलपायी लॅव्हॉन ओक्सनं ऐन तारुण्यात अमेरिका सोडली. पोलंड, तुर्कस्तान, लेबनॉन असे क्लब बदलत तो अंगोलात, लुआंडाला आला आणि इथंच रमला. यंदा मात्र गुडघ्यानं दगा दिला. प्रशिक्षक म्हणाले, "आराम कर, पुढचं पुढं बघू."

एका दुपारी दार वाजलं. बाहेर बॅगा घेऊन एक ताडमाड अमेरिकन तरुण उभा. "क्लबनं हीच खोली दिलीय मला. तुम्ही कोण?"

लॅव्हॉन काय ते समजला. आपल्या जागी माणूस आलासुद्धा, आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही.

स्वयंपाकाला येणारी झेफेरिनामावशी भडकली. "इतकी वर्षं हाडं झिजवलीस, आणि मेल्यांना तोंडावर सांगवेना? थांब, मीच जाते क्लबात."

"राहू दे, मावशी. याला आधी वाढ. लांबून आलाय."

मावशीनं तरुणापुढं फुंजे, म्हणजे कसाव्याच्या पिठाची उकड, आणि मासे आदळले, आणि लॅव्हॉनचं सामान आपल्या घरी हलवलं.

लॅव्हॉननं ओहायोत बहिणीला फोन केला. "मग घरी ये की," ती म्हणाली. पण आई गेल्यावर ते घर विकलं होतं.

शनिवारी तो मावशीला घेऊन सामन्याला गेला. नवा पोरगा झकास खेळला. मागच्या रांगेतल्या लोकांनी लॅव्हॉनला ओळखलं आणि त्याच्या नावाचा गजर सुरू केला. हात वर करावासा वाटला, पण करवला नाही. सामना संपण्याआधीच तो मावशीच्या खांद्याचा आधार घेत बाहेर पडला.