दादांच्या हातचं पाणी

परवापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासोबत रोज संध्याकाळी चहा पितो त्या मित्रांनाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण आता सांगता येतं. आधी येत नव्हतं. शब्द ओठांवर यायचे, आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा व्हायचो — पेपर तपासणी, टँकरचे भाव, मासे. विषय बदलणं किती सोपं असतं, नाही?

मासे म्हटलंच आहे, तर तिथूनच सुरू करतो.

मी बीडमध्ये ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. घरामागच्या जागेत मी हौद बांधला आणि त्यात कोई जातीचे शोभेचे मासे सोडले — लाल, पांढरे, एक तर अगदी हळदीच्या रंगाचा. कॉलनीत हसू झालं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा माणूस मासे पाळतोय! शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणायच्या, "सर, आमी टँकरची वाट बघतो, आन् तुमचे मासे मजेत पोहतेत." पण मला नाद लागला होता, आणि नादाला औषध नसतं.

कोई पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो माशांना मारतो. म्हणून हौदाशेजारी एक निळा ड्रम होता, तो आमचा फिल्टर. पंपाने पाणी ड्रममध्ये यायचं, स्पंज आणि जाळ्यांमधून झिरपून पुन्हा हौदात पडायचं. स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. बघणाऱ्याला किळस येते, पण सगळं काम तोच थर करतो. त्यातले जिवाणू अमोनिया संपवतात. म्हणून स्पंज नळाच्या पाण्याने कधी धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, त्याने जिवाणू मरतात. हौदातलंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज त्यात हलवून पिळायचा, झालं. हौदात भर घालायची तर नळाचं पाणी आधी टाकीत उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जाऊ द्यायचं. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो. कुणी विचारलेलं नसताना ऐकवायचो.

आता दादा. माझे थोरले भाऊ. नेकनूरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे थोडी जमीन आणि तिच्यात कापूस. वडील लवकर गेले, दादांनी शाळा सोडली, म्हणून मी शिकलो. हे मी जयंतीच्या भाषणात नेहमी सांगतो. टाळ्या पडतात.

दादांना त्या माशांचं भारी वेड. आई माझ्याकडे राहायची, तिला भेटायला ते यायचे, पण आधी हौदावर जायचे. पाण्यात तळहात पसरून बसले की मासे त्यावरून दाणे खायचे आणि दादा गुदगुल्या झाल्यासारखे हसायचे. मला थोडं लागायचं, खरं सांगतो. पाणी मी तपासायचं आणि मासे जाणार त्यांच्याकडे!

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे जमणार नाही. आमचं घर बौद्ध. दादा लहान होते तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाणी शेंदू देत नव्हते. दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली की दादा घागर घेऊन लांब उभे राहायचे. कुणी वरून ओतलं तर ओतलं. एकदा त्यांनी पोहऱ्याला हात लावला, तर पाणी ओतणाऱ्या बाईने भरलेला पोहरा तिथेच जमिनीवर पालथा केला. दादांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही हसत. "लई तहान लागलती बे, म्हणून लावला." मी त्यांच्यापेक्षा बराच धाकटा. माझ्या वाट्याला ते आलं नाही.

तर — तो रविवार.

बरेच दिवस नळाला पाणी नव्हतं, आणि सकाळी एकदम पूर्ण दाबाने आलं. नळ आला की आमच्याकडे माणसाच्या अंगात येतं. हंडे, पिंपं, टाक्या तर भरायच्याच, शिवाय चादरी, गाडी, पायपुसणी, जे दिसेल ते धुऊन काढायचं, कारण पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. बायको चादरी आपटत होती. काकू जिना धूत होत्या. माझ्या हातात पाईप होता. त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंगचा इतका वास होता की डोळे चुरचुरत होते. आणि मी ड्रम उघडला. स्पंज, जाळ्या, सगळं त्या पाईपखाली धरून नवंकोरं दिसेपर्यंत धुतलं.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मग का धुतलं? वाहतं पाणी हातात असताना ती घाण तशीच ठेवणं माझ्याने होईना, एवढंच उत्तर आहे. वर तोच पाईप हौदात सोडला आणि आत जाऊन पोहे खात बसलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

दुपारी दादा आले. कापसावर फवारणी चालू होती, ती आटोपून, हातपाय धुऊन ते एसटीने आले होते. नेहमीप्रमाणे आधी हौदावर गेले, पाण्यात हात घातला. मासे आले, पण सुस्त. दादा त्या खेपेला मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी ते वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. मी धावाधाव केली, पंपाचा जोर वाढवला, पण उशीर झाला होता. त्यानंतरच्या सकाळी सगळे कुशीवर तरंगत होते. तो हळदीच्या रंगाचासुद्धा.

मी घरात जाऊन पाणी तपासलं. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. गर्द हिरवं झालं. नळी धुऊन मी कपाटात ठेवून दिली आणि बाहेर आलो.

काकू कंपाउंडवरून बघत होत्या. त्यांनी सहज विचारलं, मनात काही ठेवून नव्हे, "तुमचे भाऊ फवारणी करून आलते ना?"

दादा तिथेच उभे होते. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "साबणानं धुतलते मी. तरी बी... तू केमिस्ट्रीचा मास्तर हायेस. तुला काय वाटतं?"

इथे "नाही" म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द.

मी म्हणालो, "असू शकतं, दादा. औषध किंचित राहिलं तरी माशांना पुरतं."

पुस्तकात बघाल तर वाक्य बरोबर आहे. म्हणून तर ते इतकं हलकट खोटं झालं. का बोललो? काकूंसमोर हसू होईल म्हणून. इतकी वर्षं ज्यांना फिल्टरवर व्याख्यानं दिली, त्यांच्यासमोर "मीच नळाच्या पाण्याने धुतला" असं म्हणवेना म्हणून. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

"मंग माझ्याच हातानं गेले," दादा म्हणाले. मासे त्यांनीच बाहेर काढले आणि लिंबाच्या झाडाखाली पुरले.

त्यानंतर मी नवे मासे आणले. दादा यायचे, पण हौदाजवळ जायचे नाहीत. हात मागे बांधून लांबूनच बघायचे. पाण्यापासून लांब उभं राहायला त्यांना पहिल्यांदा परक्यांनी शिकवलं होतं. दुसऱ्यांदा मी शिकवलं. आता हे वाक्य लिहिताना माझा हात थांबत नाही. पण वर्षानुवर्षं ते मनात आलं की मी उठून पंप बघायला जायचो.

पुढे आई आजारी पडली. शेवटचे दिवस ती अंथरुणावरच होती, चमच्याने पाणी घ्यायची. दादा तिच्या उशाशी बसून असायचे, पण चमचा त्यांनी हातात धरला नाही. माझ्या बायकोला म्हणायचे, "सुनंदा, तू पाज. माझ्या हातात औषध मुरलंय." आई त्यांच्याकडे बघत तोंड उघडायची आणि पाणी सुनंदा पाजायची. मी त्याच खोलीत होतो, भिंतीला टेकून. तेव्हा तरी बोलायला नको होतं का? नाही बोललो.

परवा नळ आला. मी पाईप हातात घेतला आणि तसाच खाली टाकून एसटी स्टँडवर गेलो. आधीपासून काही ठरवलं नव्हतं. गावी पोचलो तेव्हा दादा शेताच्या बांधावर बसलेले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं — स्पंज, पाईप, हिरवी झालेली नळी, आणि काकूंसमोरचं ते वाक्य. वर्गात शिकवावं तसं सांगितलं, मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगताच आलं नाही.

दादांनी तळहात उघडून पाहिले. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या हातात काईच नव्हतं?"

"नव्हतं."

"कवाच?"

"कधीच नव्हतं, दादा."

ते रागावले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती, आणि मग तीही मी त्यांच्याकडूनच घेतली असती. आजवर घेतलं तेवढं पुष्कळ झालं.

परतीच्या एसटीत मला झोप लागली. बीड आल्यावर कंडक्टरने हलवून उठवलं. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटतंय. लाज वाटावी इतकं हलकं. काल संध्याकाळी काकूंनाही सांगून टाकलं. त्या "अगं बाई" म्हणाल्या आणि मग हसल्या. ज्या हसण्याला मी इतकी वर्षं भ्यालो ते हे एवढंसं होतं.

दादा शेवटी काय म्हणाले, ते सांगायचं राहिलं. मी निघायला उठलो तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग आईला मी पाणी पाजाया पायजे व्हतं."

मी म्हणालो, "हो."