मास्तरांकडचे रविवार

आमच्या अभ्यासमंडळातले आता चारपाचच जण उरलोत. कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या दहाव्याला गाठ पडते, आणि खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच एखादा म्हणतो, "ए, तो सामंतांचा आठवतो ना?" एक किस्सा निघाला की त्याच्यामागे दुसरा. घरची मंडळी कंटाळतात, आम्ही नाही!

मंडळ भरायचं मुलुंडला, नाडकर्णी मास्तरांच्या दोन खोल्यांत, दर रविवारी संध्याकाळी. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. सामंत भांडुपच्या एका कारखान्यात फिटर, युनियनचं काम करणारे. कुसुमताई बालवाडी चालवायच्या. मी बँकेत कारकून. आणखी पाचसहा जण. देशाचं कसं होणार, याची काळजी आम्ही सतरंजीवर बसून करायचो आणि मास्तरांच्या पत्नी, माई, आम्हाला चहा द्यायच्या.

* * *

एकदा विषय होता कुटुंबनियोजन. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. तावातावाने उभा राहून म्हणालो, "तिसरं मूल झालं की सरकारने त्या घराचं रेशनच बंद करावं!"

कुसुमताईंनी विचारलं, "तू कितवा रे?"

"पाचवा."

"मग खाली बस!"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आईने पान वाढलं तेव्हा तिच्याकडे बघवेना.

* * *

एकाहत्तरची लढाई चालू होती. खिडक्यांना काळे कागद, दिवे बंद. युद्धाने प्रश्न सुटतात का, हा विषय आधीच ठरलेला. अंधारात सामंत तडकले, "लढाईत मरतो तो गरिबाचाच पोरगा! पुढारी कुठे मरतात?"

कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज आला, "सामंत, आमचा अरुण तिकडेच आहे रे."

मुलगा फौजेत आहे हे आम्हाला ठाऊक होतं. कुठे आहे, ते मास्तर कधी बोलले नव्हते. आतल्या खोलीत माईंच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही थांबल्या.

सामंत चाचपडत उठले आणि मास्तरांना खेटून बसले. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत दोघेही तसेच.

अरुण सुखरूप परत आला.

* * *

महागाईच्या दिवसांत आम्ही साखरेच्या दरावर चर्चा करत होतो. खालून बायकांचा मोर्चा चालला होता, थाळ्या-लाटणी बडवत. कुसुमताई पदर खोचून उठल्या. "तुमचं संपलं की या मागून."

आम्ही पुरुष एकमेकांकडे बघत राहिलो. मास्तर मात्र आतून थाळी घेऊन निघाले. माई ओरडल्या, "अहो, ती जेवायची आहे!"

"म्हणूनच नेतोय," मास्तर म्हणाले.

* * *

मग आणीबाणी आली. मास्तरांना ती पटली होती. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "देशाला शिस्त हवी. थोडे दिवस तोंड मिटून काम करू या. मला असं वाटतं की..."

सामंत उठलेच. "पुरे झालं, मास्तर! मला ऐकवत नाही." चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवरून पोलिसांनी त्यांना नेलं.

मास्तर सामंतांच्या घरी गेले. सामंतांच्या बायकोने दार उघडलं नाही. मास्तर जिन्यात बसून राहिले आणि संध्याकाळी परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. असं बरेच दिवस चाललं. शेवटी तिने दार उघडलं. त्यानंतर सामंतांच्या मुलीचा अभ्यास मास्तरच घेऊ लागले.

मंडळ बंदच पडलं होतं. सामंत सुटले तेव्हा आम्ही सगळे पुन्हा मास्तरांकडे जमलो. सामंत पार वाळले होते, केस पांढरे झाले होते. आता तुरुंगातलं सांगतील, मास्तरांना चार शब्द सुनावतील, असं आम्हाला वाटलं.

सामंत म्हणाले, "मास्तर, तुमचं बोलणं मी मध्येच तोडलं होतं. पुरं करा."

"आता कशाला रे?"

"नाही. बोला."

मास्तर उभे राहिले. चष्मा पुसला. आणि त्या दिवशीचंच सगळं बोलले, एकही मुद्दा न गाळता, एकही शब्द मऊ न करता. कुसुमताई मान खाली घालून बसल्या होत्या. सामंत मास्तरांच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग म्हणाले, "मास्तर, मला अजूनही पटत नाही."

"पटू देऊ नकोस रे," मास्तर म्हणाले आणि खाली बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.