टेकू

आमच्या घरात दारूला दारू म्हणत नाहीत, टेकू म्हणतात. शब्द आजोबांचा, म्हणजे बाबांच्या अण्णांचा. काच कापताना हात थरथरू नये म्हणून ते आधी अर्धा पेला घ्यायचे आणि ओरडायचे, "टेकू लागला, चला!" आवाज असा, की फरशीवरून कुणी लोखंडी खाट ओढतंय. मला तो हुबेहूब जमतो. आजोबा रक्ताच्या उलट्या होऊन गेले. बाबांनी त्यांचं काचेचं दुकान घेतलं, काच कापायचा हिरा घेतला, टेकूही घेतला.

बाबांचा नेम मात्र पक्का. लाकडी पट्टी फेकली की माझ्या नाहीतर ताईच्या पाठीतच बसणार. आईचा पुढचा दात गेला तेव्हा तिने शेजारणीला सांगितलं, "नळावर आपटले हो." मागच्या महिन्यात बाबांना तपासून डॉक्टर नाकातून म्हणाले, "लिव्हर सुजलंय. घरात कुणाला व्यसन?"

बाबा छाती काढून, "छे हो! आमचं घराणं निर्व्यसनी. फक्त टेकू घेतो."

डॉक्टर हसले नाहीत. ताई हसली, आठवडाभर मी तिला दोघांची नक्कल करून दाखवत होते.

मग सहा फुटी आरशाचं काम आलं. बाबांचे हात आता इतके कापतात की काचेवर हिरा टकटक वाजतो, म्हणून कापायचं ताईने. अठराव्या वर्षी, पहिलाच मोठा आरसा. तिचाही हात थरथरला.

"टेकू घे," बाबा म्हणाले.

"नको."

"आपल्यात सगळ्यांनी घेतलाय."

"म्हणूनच नको, बाबा. आज घेतला की रोज लागेल."

बाबांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली, मान मागे ओढली आणि पेला दातांवर आपटला. ओठ फाटला. दारू आणि रक्त हनुवटीवरून ओघळलं, पण ताईने दात उघडले नाहीत. मी बाबांच्या दंडाला कडकडून चावले, तर कोपर माझ्या नाकावर बसलं. काही सुचेना. तोंडातून आजोबाच निघाले:

"ए घोड्या! हात खाली!"

बाबांच्या हातून वेणी सुटली. बाबा थेट टेबलाखाली. पन्नाशीचा माणूस, एका हाताने कान झाकलेला, दुसऱ्यात पेला. "मारू नका अण्णा. पितो. पितो ना मी..." आणि उरलेलं त्यांनी गटागटा पिऊन टाकलं.

आवाज दहा वर्षांच्या पोराचा होता. मला तसा कधीच काढता येणार नाही.

ताईने बाहीला तोंड पुसलं. "आजोबांना परत आणू नकोस," एवढंच मला म्हणाली. पट्टी लावली, हिरा ओढला. रेघ मध्येच डगमगली आणि आरसा वाकडा तुटला.

टेबलाखालून बाबा म्हणाले, "बघ. सांगत होतो."

"वाकडा तर वाकडा," ताई फाटक्या ओठाने म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दुसरा उचल. माझ्या बाजूने धर."